खचलेल्या मनासाठी तेलुगू चित्रगीतं: कोणती, का आणि कशी ऐकावीत

गोदातीर

तेलुगू गाणी म्हटली की आपल्याकडे बहुतेकांना नाच आणि हीरोची एंट्री आठवते. पण मन उभं करणाऱ्या गाण्यांची त्या भाषेत एक लांबलचक आणि जिवंत परंपरा आहे. कवी श्रीश्रींपासून सिरिवेन्नेल सीताराम शास्त्री आणि चंद्रबोस यांच्यापर्यंत ती अखंड चालत आली आहे. हा धागा त्या गाण्यांसाठी. नुसती यादी नको, गाणं काम कसं करतं आणि त्याचा उपयोग कसा करायचा ते लिहूया.

माझं म्हणणं आधी मांडतो. यातली चांगली गाणी ऐकणाऱ्याची स्तुती करत नाहीत. 'तू थोर आहेस, तू जिंकणारच' असं ती म्हणत नाहीत. ती पुरावा देतात, प्रश्न विचारतात आणि मग काहीतरी करायला सांगतात. हा फरक फार महत्त्वाचा आहे. 2009 साली जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास 'सायकॉलॉजिकल सायन्स'मध्ये आला होता. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत मुळात खाली आहे, त्यांना 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' अशी वाक्यं घोकायला लावली, तर त्यांना बरं वाटण्याऐवजी उलट वाईट वाटलं. कारण उघड आहे. मन त्या वाक्याशी आतून भांडायला लागतं.

आता 'एप्पुडू ओप्पुकोवद्दुरा ओटमि' बघा. चित्रपट 'पट्टुदल' (1992), संगीत इळयराजा, आवाज येसुदास, शब्द सिरिवेन्नेल. हार कधी कबूल करू नकोस, ही झाली सुरुवात. पण गाणं तिथे थांबत नाही. आकाश कितीही मोठं असलं तरी भुर्रकन उडालेल्या पिलाच्या पंखापुढे ते कमीच, समुद्र कितीही थोर असला तरी पोहणाऱ्या माशाच्या पिलाच्या कल्ल्यापुढे तो छोटाच, असा त्याचा युक्तिवाद आहे. इथे कल्ला हा शब्द नेमका बसतो. मासा समुद्राशी ताकदीने लढत नाही. त्याच्याकडे समुद्रात जगायचं साधन आहे, एवढंच. ऐकणाऱ्याला 'मी बलवान आहे' यावर विश्वास ठेवावा लागत नाही, 'माझ्याकडे एक कल्ला आहे' एवढं पटलं तरी पुरतं. पुढे पश्चिमेला दबा धरून बसलेली सांज सूर्याला गिळते, पण तो निखारा तिच्या घशाखाली उतरत नाही, समुद्र पोहत पूर्वेला वर येतो. या दाव्याशी मनाला भांडताच येत नाही, कारण तो रोज सकाळी खरा ठरतो.

सायंरियाज

उत्तम धागा. यात श्रीश्रींचं 'कल कानिदि विलुवैनदि' हवंच. 'वेलुगु नीडलु' (1961), संगीत पेंड्याल नागेश्वरराव, गायक घंटसाल. आयुष्य हे स्वप्न नव्हे, ते मोलाचं आहे, अश्रूंच्या धारेत त्याचा बळी देऊ नकोस, असा मुखडा. चरणात (कडव्यात) मात्र उपदेश नाही, प्रश्न आहे. वाऱ्याने फुलांची वेल जमिनीवर लोळवली, तर तिला तशीच टाकून जाशील? जवळ घेऊन, पाणी घालून पुन्हा पालवी फुटू देणार नाहीस?

इथे ऐकणारा आधी वेलीबद्दल उत्तर देतो. दुसऱ्यासाठी दया दाखवणं सोपं असतं. मग ते उत्तर स्वतःला लागू होतं. स्वतःशी कठोर वागणाऱ्या माणसासाठी ही वाट सरळ सल्ल्यापेक्षा कितीतरी चांगली.

हेच श्रीश्री 'अल्लूरि सीताराम राजू' (1974) मधल्या 'तेलुगु वीर लेवरा'चे कवी. त्या गीताला सर्वोत्कृष्ट गीतलेखनाचा राष्ट्रीय पुरस्कार आहे. पण ते रणगीत आहे. एकट्याने खोलीत बसून ऐकण्यापेक्षा समूहाने गायला चांगलं.

पूर्वभाग

सोलापूरच्या पूर्व भागात विणकर वस्तीत तेलुगू घराघरात बोलली जाते, तिकडे गडचिरोलीत सिरोंच्याकडेही तेच. त्यामुळे महाराष्ट्रात अर्थ समजावून सांगणारा माणूस शोधायला फार लांब जावं लागत नाही. शेजारी कोणी पद्मशाली आजी-आजोबा असतील तर त्यांना घंटसालांच्या गाण्यांचा अर्थ जरूर विचारा. जुनी तेलुगू ग्रांथिक वळणाची आहे, यंत्र-अनुवाद तिथे वारंवार फसतो.

नवखी

भाषा अजिबात येत नाही. अर्थ माहीत नसताना नुसतं ऐकून फायदा होतो का? आणि रोज किती वेळ?

गोदातीर

@नवखी, आनंदासाठी अर्थ नसला तरी चालतो. ताल आणि चाल पुरेशी असते. आत्मसन्मानासाठी मात्र अर्थ हवाच, कारण वर म्हटलं तसं तिथे काम युक्तिवाद करतो.

वेळ: वीस मिनिटं, चार गाणी. क्रम महत्त्वाचा आहे. संगीतोपचारात 'आयसो' तत्त्व म्हणतात (1940 च्या दशकात इरा ऑल्टशुलर यांनी मांडलेलं): आधी मनःस्थितीशी जुळणारं संगीत, मग हळूहळू जिथे पोचायचं आहे तिकडे. खचलेल्या माणसाने पहिलंच गाणं उड्या मारणारं लावलं की ते अंगावर येतं आणि तो बंद करून टाकतो.

मी सुचवेन तो क्रम:

पहिलं 'कल कानिदि'. दुःख आहे हे ते मान्य करतं, लय संथ. दुसरं 'मौनंगाने एदगमनि'. तिसरं 'एप्पुडू ओप्पुकोवद्दुरा'. चौथं हालचालीचं काहीही, 'नाटु नाटु' चालेल. चौथ्याला बसून राहायचं नाही. उभं राहा, खोलीत चाला, भांडी घासा.

फोनचा आवाज साठ टक्क्यांच्या वर नको, विशेषतः कानात घालून ऐकत असाल तर. आणि प्लेलिस्टला 'आपोआप पुढचं गाणं' बंद करा. नाहीतर चौथ्यानंतर अल्गोरिदम एखादं विरहगीत लावतो आणि सगळं मुसळ केरात.

काळीचार

'मौनंगाने एदगमनि'बद्दल थोडं सविस्तर. चित्रपट 'ना ऑटोग्राफ' (2004), हा त्याच वर्षीच्या तमिळ 'ऑटोग्राफ'चा तेलुगू अवतार. संगीत कीरवाणी, शब्द चंद्रबोस, गायिका चित्रा. तमिळमध्ये त्याच जागी 'ओव्वोरु पूक्कळुमे' आहे, तेही चित्रांनीच गायलं आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण चंद्रबोस यांनी तमिळ गाण्याचा अनुवाद केला नाही, स्वतंत्र प्रतिमा घेतल्या.

रोप सांगतं, गाजावाजा न करता वाढ. आणि वाढशील तसा वाक. पाहा, पहिल्याच दोन ओळींत वाढ आणि नम्रता एकत्र. आत्मसन्मान म्हणजे मिजास नव्हे, हे इतक्या थोडक्यात सांगणारं गाणं मला दुसरं माहीत नाही. पुढे पानं सगळी गळतात तिथेच नवा कोंब दिसतो. आणि पहिल्या चरणात समुद्रमंथन: घुसळायला सुरुवात केली तर आधी विषच वर आलं, न कंटाळता घुसळत राहिले तेव्हा अमृत मिळालं.

ही ओळ नवं काही शिकणाऱ्यांनी भिंतीवर लावावी. नवा व्यायाम, नवी नोकरी, नवी भाषा, सगळीकडे पहिला हाती येतो तो त्रास. तो आला म्हणजे काम चुकतंय असं नाही, काम सुरू झालंय. लोक नेमके इथेच सोडून देतात.

आणि हीच जोडी, कीरवाणी आणि चंद्रबोस, पुढे 'आरआरआर'च्या (2022) 'नाटु नाटु'ची. मार्च 2023 मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. एका टोकाला मौन, दुसऱ्या टोकाला धूळ उडवणारा नाच.

दख्खनी

'नाटु नाटु'ला लोक फक्त नाचाचं गाणं समजतात, हे मला खटकतं. सिनेमातला प्रसंग आठवा. गोऱ्यांच्या मेजवानीत एक साहेब भारतीय तरुणाला हिणवतो, तुम्हाला काय नाच येणार. उत्तरात गाणं काय मांडतं? धुळीच्या शेतात उधळलेला बैल. वडाच्या सावलीत जमलेली पोरं. कर्रकर्र वाजणाऱ्या चपला घालून खेळलेली लाठी. आणि लाल ज्वारीच्या भाकरीत कालवलेला मिरचीचा ठेचा!

मराठी माणसाला या ओळीचं भाषांतर करून सांगावं लागू नये. ज्या गोष्टी 'गावंढळ' म्हणून लपवल्या जातात, त्यांची नावं एकामागून एक ताठ मानेने घेणं, हाच त्या गाण्याचा कणा. ज्याला इंग्रजी बोलण्याची, कपड्यांची, गावच्या उच्चारांची लाज वाटत राहते, त्याने हे गाणं शब्दांसकट समजून घ्यावं. मग पुढची पायरी: कागद घ्या, आपल्या घरच्या, गावच्या अशा दहा वस्तू लिहा आणि त्या त्याच ठेक्यात मोठ्याने म्हणा. मुलांच्या शिबिरात हा खेळ घेण्याजोगा आहे. वस्तू डोळ्यांना दिसेल अशी हवी. 'आपली संस्कृती' असं लिहिलं की खेळ मेला. 'चुलीवरचा काळा तवा' चालतो.

नाचणार असाल तर सूचना: आधी घोटे आणि गुडघे दोन-तीन मिनिटं मोकळे करा, फरशीवर मोजे घालून नाचू नका, आणि मूळ वेगात पूर्ण गाणं एकदम करायला जाऊ नका. पंधरा-वीस सेकंदांचा तुकडा, वेग 0.75 वर, मग वाढवत न्या. दम आणि पोटऱ्या दोन्ही पहिल्या मिनिटात बोलायला लागतात.

नवखी

सिरिवेन्नेल यांचं 'नी प्रश्नलु नीवे' यादीत का नाही? सगळे प्रेरणादायी म्हणून तेच पाठवतात.

सायंरियाज

गाणं थोर आहे. 'कोत्त बंगारु लोकम' (2008), मिकी जे मेयर यांचं संगीत, एसपी बालसुब्रह्मण्यम (एसपीबी) यांचा आवाज. पण त्याचा गाभा असा: तुझे प्रश्न तुझेच, दुसरं कोणी उत्तर देणार नाही, तुझे गुंते तुझेच, कोणी सोडवायला येणार नाही. ज्याच्या भोवती माणसं आहेत आणि जो निर्णय टाळतो आहे, त्याला हे जागं करतं. ज्याला आधीच वाटतंय की आपलं कोणी नाही, त्याच्या जखमेवर ते मीठ होऊ शकतं.

'जगमंत कुटुंबम नादि' (चक्रम, 2005) याचंही तसंच. सारं जग माझं कुटुंब आणि आयुष्य मात्र एकाकी, हा तत्त्वचिंतनाचा उंच सूर आहे. रात्री अकरानंतर, एकट्याने, पुन्हा पुन्हा लावू नये. एखादं गाणं लावल्यावर डोळे भरून आले आणि नंतर हलकं वाटलं तर ठीक. तेच तेच विचार गोल फिरायला लागले, तर ते गाणं सध्या आपल्यासाठी नाही. बाजूला ठेवा.

दख्खनी

थोडं असहमत. काहींना 'कोणी येणार नाही' हे ऐकूनच मोकळं वाटतं. वाट बघणं संपतं.

सायंरियाज

मान्य, म्हणून 'होऊ शकतं' म्हटलं. खूण तीच: गाणं संपल्यावर हातून काही काम होतंय का, की पुन्हा तेच गाणं लावलं जातंय.

सिरिवेन्नेल यांचंच एक गाणं या दोन्हींच्या मधोमध बसतं: 'एवरो ओकरु' (अंकुरम, 1993, संगीत हंसलेखा, एसपीबी आणि चित्रा). कोणीतरी, कधीतरी पुढे पाऊल टाकायलाच हवं. पहाट झाली तरी कोणी हलत नाही, म्हणून कोंबडा आरवायचा थांबून झोपत नाही. इथे एकटेपणा आहे, पण त्याला काम आहे. कार्यालयात किंवा सोसायटीत योग्य गोष्ट एकट्याने बोलावी लागणार असेल, त्या सकाळी हे ऐका.

काळीचार

आता स्वतः गाण्याबद्दल. ऐकण्यापेक्षा गाण्याचा परिणाम खोल जातो. श्वास लांबतो आणि शब्द स्वतःच्या आवाजात कानावर येतात. मराठी माणसाला तेलुगू गाणं वाटतं तितकं अवघड नाही. 'ळ' आपल्याकडे आहेच. आणि 'चमचा'तला च, 'जहाज'मधला ज हे दंत्य उच्चारही तेलुगूत आहेत, जे हिंदी भाषकांना जमत नाहीत. 'चाला' (पुष्कळ) मधला च आपल्या 'चार'मधल्यासारखा नव्हे, 'चमचा'मधल्यासारखा.

चुका होतात त्या ठरलेल्या:

पहिली, शब्दातला 'अ' गिळणं. आपण 'करवत' लिहितो आणि शेवटचा त हलन्त म्हणतो. तेलुगूत लिहिलेला प्रत्येक स्वर म्हटला जातो. 'एदगमनि' हे ए-द-ग-म-नि, पाच अक्षरं. 'एदग्मनि' म्हटलं की एक मात्रा कमी पडते आणि तुम्ही तालाच्या पुढे पळता. बहुतेकांचं गाणं 'बेताल' होतं ते याच कारणाने, ताल कच्चा असतो म्हणून नव्हे.

दुसरी, जोडाक्षर सैल सोडणं. 'ओप्पुको' मध्ये प्प वर क्षणभर थांबायचं. 'ओपुको' नाही.

तिसरी, ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओ. तेलुगूत दोन्ही वेगळे आहेत. 'एप्पुडू'चा ए ऱ्हस्व, 'मौनंगाने'च्या अखेरचा ने दीर्घ. देवनागरीत लिहून घेताना ऱ्हस्वाखाली टिंब द्या.

चौथी, रोमन लिपीतले बोल वापरणं. त्यात ट-त, ल-ळ, न-ण सगळे एक होतात. तेलुगू लिपीतले बोल घ्या आणि 'अक्षरमुख'सारख्या लिपी बदलणाऱ्या साधनात देवनागरी करा. अक्षराला अक्षर येतं.

पाठांतराची युक्ती: तेलुगू पद्यात दुसऱ्या अक्षराचं यमक असतं, त्याला प्रास म्हणतात. आपलं यमक ओळीच्या शेवटी, त्यांचं सुरुवातीजवळ. 'एप्पुडू–ओप्पुको', दोन्हींत दुसरं अक्षर प्प. ओळ विसरलात तर दुसरं अक्षर धरा, पुढचं येतं.

क्रम असा: एक दिवस फक्त अर्थ वाचून ऐकणं. दुसऱ्या दिवशी पल्लवी (म्हणजे मुखडा) चाल न लावता, मांडीवर ताल धरून म्हणणं. तिसऱ्या दिवशी चालीसह, मूळ गाण्याबरोबर. चरण त्यानंतर, एका दिवशी एकच. चाल आधी आणि शब्द नंतर असं केलं की चुकीचे उच्चार चालीत बसून जातात, मग ते निघत नाहीत.

पूर्वभाग

चौथ्या मुद्द्याला दुजोरा. आणखी एक: शब्दाच्या शेवटी अनुस्वार असेल तर तो 'म्' म्हणायचा. 'तरलि राद तने वसंतम्'. हे 'रुद्रवीणा' (1988) मधलं, इळयराजा, एसपीबी आणि पुन्हा सिरिवेन्नेल. जी वनं वसंतापर्यंत येऊ शकत नाहीत, त्यांच्याकडे वसंत स्वतः चालत येत नाही का, असा प्रश्न. 'आपल्यात काय आहे' या प्रश्नाने अडलेल्या माणसाला हे गाणं 'आपल्याकडचं कोणाला देता येईल' हे विचारायला लावतं. या चित्रपटासाठी संगीतकार आणि गायक दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

नवखी

'मौनंगाने' पुरुषाने गायचं तर पट्टी? कराओकेत आवाज फाटतो.

काळीचार

मूळ पट्टी बायकांची. साधारण काळी चारवर (पेटीची चौथी काळी पट्टी) गाणाऱ्या बाईचं गाणं काळी एकवर आणायचं तर पाच अर्धस्वर वर किंवा सात अर्धस्वर खाली. पण ॲपमध्ये तीन-चारपेक्षा जास्त अर्धस्वर सरकवले की वाद्यांचा आवाज चिरका किंवा घोगरा होतो. म्हणून ट्रॅक सरकवू नका, तंबोऱ्याच्या ॲपवर आपली पट्टी लावा आणि नुसत्या टाळीवर गा. हे गाणं साधेपणातच खुलतं. चरणातला सर्वांत वरचा स्वर आधी गाऊन बघा, तो आरामात लागला की तीच तुमची पट्टी.

सायंरियाज

एक जबाबदारीची सूचना, धाग्याचा विषय आहे म्हणून. झोप, भूक, कामातलं लक्ष दोन आठवडे बिघडलेलं असेल, किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर गाण्यांवर थांबू नका. डॉक्टरांकडे जा. केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन 14416, दिवसरात्र, मोफत, मराठीतही. गाणी सोबतीला राहू देत, उपचाराच्या जागी नकोत.

दख्खनी

शाळेच्या गॅदरिंगला आठवीच्या मुलांना एक शिकवायचं आहे. 'एप्पुडू' की 'मौनंगाने'?

काळीचार

'मौनंगाने'. पल्ला मुलांच्या गळ्याला झेपतो, वेग संथ, शब्द सुटे. चाळीस मिनिटांचे चार तास धरा. पहिल्या तासाला गाणं लावूच नका; मंथनाची गोष्ट विचारा, ती मुलांना येत असते, विष आधी आलं हे तेच सांगतील. मग त्या ओळीपासून, म्हणजे पहिल्या चरणापासून शिकवायला घ्या आणि पल्लवी शेवटी घ्या. ती मुलांच्या कानावर आधीच बसलेली असते. चाळीसेक मुलं असतील तर दोन गट करा, एकाने ओळ म्हणायची, दुसऱ्याने तिचा मराठी अर्थ नुसता बोलायचा. मंचावरही तसंच ठेवा, म्हणजे समोर बसलेल्या पालकांनाही अर्थ कळतो.